पाण्यातल्या युरेनियमवर संशोधन: मुलीला अडवू नका

प्रश्न: मुलगी वाशीच्या कॉलेजात टी.वाय.बी.एस्सी. केमिस्ट्रीला आहे. पाण्यातलं युरेनियम खनिजांना कसं चिकटतं, यावर संशोधन करायचं म्हणते. आम्हाला रेडिएशनची धास्ती वाटते. शिवाय यात नोकरी कुठे मिळणार?
– एक पालक, कोपरखैरणे

उत्तर: नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे, पण मुलीने विषय फार मोलाचा निवडलाय. अणुकचरा पुरला आणि पुढे कधी पाणी तिथवर पोचलं, तर त्यातलं काय वाहून जाईल आणि काय जागीच अडेल, हे बरंचसं माती-खडकांतली ऑक्साइडं ठरवतात. पाणी बरंच आम्लधर्मी असेल तर लोहाच्या ऑक्साइडवर धनप्रभार असतो. पाण्यात विरघळलेलं युरेनियम बहुधा युरेनिल या रूपात असतं आणि तेही धनप्रभारित, म्हणून ते ढकललं जाऊन पाण्यातच राहतं. सामू (पीएच) ४ वरून ६ कडे गेला की तेच भराभर पृष्ठभागाला बांधलं जातं. सामू आणखी वर गेला आणि पाण्यात कार्बोनेट असलं, की ते कार्बोनेट युरेनियमला पुन्हा पाण्यात ओढतं. बोअरवेलच्या पाण्यात युरेनियम सापडतं, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं. अणुकचऱ्यातल्याच सीझियम या मूलद्रव्याची तऱ्हा वेगळीच. ते लोहाच्या ऑक्साइडला फारसं धरत नाही, त्याला चिकणमातीतली खनिजं लागतात. या विषयात आयुष्यभर पुरेल इतकं काम आहे, हे मी मनापासून सांगतो.

रेडिएशनचं म्हणाल, तर अशा लॅबमध्ये अगदी विरळ द्रावणं वापरतात, कर्मचाऱ्यांना टीएलडी बॅज (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा बिल्ला) असतो आणि डोसवर कायद्याची मर्यादा असते.

नोकरीसाठी आधी एम.एस्सी. किमान ६० टक्क्यांनी हवी. मग बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) ट्रेनिंग स्कूल, जे १९५७ पासून चालू आहे: गेट ही देशपातळीवरची परीक्षा किंवा त्यांची स्वतःची परीक्षा, मुलाखत, वर्षभर स्टायपेंडसह प्रशिक्षण आणि पुढे सायंटिफिक ऑफिसर. वयाची अट असते, म्हणून मधे गॅप नको. बीएआरसी जिथे आहे ते ट्रॉम्बे तुमच्या खाडीपलीकडेच आहे. स्पर्धा मात्र कडक आहे, म्हणून एम.एस्सी.ला तिने ॲनालिटिकल केमिस्ट्री (रासायनिक विश्लेषण) घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आयसीपी-एमएसवर (पाण्यातले अत्यल्प धातू मोजणाऱ्या यंत्रावर) हात बसलेल्या मुलीला पाणी तपासणाऱ्या लॅबमध्येही काम मिळतं.

आवड खरी आहे का, हे तिला कॉलेजच्या लॅबमध्ये युरेनियमशिवायही पाहता येईल. सरांना विचारून लोह हायड्रॉक्साइडचा ताजा साका (द्रावणातून खाली बसलेला गाळ) घ्यावा, त्यात विरळ कॉपर सल्फेट घालावं, सामू ३ ते ६ बदलत न्यावा आणि गाळून उरलेलं तांबं मोजावं. प्रत्येक सामूला लोह न घातलेलं एक भांडंही ठेवायला सांगा. सामू वाढला की तांबं आपण होऊनही खाली बसतं, आणि ते चिकटणं नव्हे.