नांगरावरची रात्र आणि अकरा वर्षांची मुलगी

‘मुलांना एका जागी घर दिले नाही, म्हणून त्यांचे नुकसान होत असेल का?’ हा प्रश्न मला फिरतीची नोकरी करणाऱ्या अनेक आईवडिलांनी विचारला आहे. काही काळापूर्वी तो विचारणारे जोडपे चार वर्षांपासून १२ मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेवर राहत होते. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून मी तो अनुभव येथे मांडत आहे.

इंजिनाच्या दुरुस्तीसाठी हे कुटुंब एका मोठ्या शहराच्या बंदरात काही महिने नांगर टाकून थांबले होते. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. खुल्या समुद्रात शांत झोपणारी मुलगी बंदरात आल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून रात्री उठू लागली. पहाटे तीन वाजता ती डेकवर जाणाऱ्या पायऱ्यांवर बसलेली सापडे. शहरातली मुले, त्यांची घरे, त्यांच्या शाळा रोज समोर दिसत असल्यामुळे तिला स्वतःचे आयुष्य उणे वाटू लागले असावे, असा आईने अर्थ लावला होता आणि नौका विकून टाकण्याच्या निर्णयापर्यंत ती येऊन पोहोचली होती.

मुलीचे खाणे, अभ्यास, भावाशी खेळणे हे सर्व ठीक होते. झोप मात्र जेमतेम सहा तास होत होती, आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसभरात ९ ते १२ तास झोप लागते. पहिल्या दोन भेटींत मीही आईच्याच तर्काच्या मागे गेलो. घर, मैत्रिणी, शाळा यांविषयी मी विचारत राहिलो आणि मुलगी सभ्यपणे, थोडक्यात उत्तरे देत राहिली. त्या उत्तरांत कुठेच दुखरी जागा लागेना, तेव्हा तिसरी भेट नौकेवरच घ्यावी असे मी सुचवले.

डिंगीतून, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करण्याच्या छोट्या होडीतून, आम्ही नौकेवर गेलो. मुलीची झोपण्याची जागा तिच्या खांद्यांपेक्षा फार रुंद नव्हती, आणि डोक्याशी एक लहान गोल खिडकी होती. उशीखालून तिने एक वही काढली. प्रत्येक पानावर पेन्सिलीने रात्रीच्या वेळा लिहिलेल्या होत्या आणि समोर दोनच शब्द आलटून पालटून येत होते : ‘एका रेषेत’ किंवा ‘सरकले’. धक्क्यावरच्या क्रेनचा लाल दिवा आणि त्यामागच्या गोदामाचा पांढरा दिवा खिडकीतून एका रेषेत दिसले म्हणजे नौका जागेवर आहे, असे तिने मला समजावले. ही पद्धत खलाशी खरोखर वापरतात. तिने ती वडिलांचे पाहून उचलली होती.

मग तिने दुसऱ्या आठवड्यातली एक रात्र सांगितली. वारा अचानक वाढला, नांगर घसरला आणि नौका शेजारच्या होडीच्या दिशेने सरकू लागली. आईवडिलांनी इंजिन चालू करून नांगर उचलला आणि पुन्हा टाकला. त्या धावपळीत मुलांना ‘जागचे हलू नका’ एवढेच सांगितले गेले. ‘सकाळी आई म्हणाली, काही झालं नाही. पण तिचे हात सोलवटले होते.’ हे वाक्य ती खाली पाहून बोलली.

त्या रात्रीनंतर मुलीने पहारा स्वतःकडे घेतला होता. तिला अर्धेच शास्त्र ठाऊक असल्यामुळे भीती मिटण्याऐवजी रोज नवी होत होती. नांगरावरची नौका एका जागी खिळलेली नसते, ती वाऱ्याबरोबर आणि पाण्याच्या ओढीबरोबर नांगराभोवती फिरते. बहुतेक किनाऱ्यांवर भरती-ओहोटी सुमारे सहा तासांनी पालटते, तेव्हा नौका तोंड फिरवते आणि दिव्यांची रेषा आपोआप मोडते. म्हणजे नांगर घट्ट रुतलेला असतानाही मुलीला रात्रीतून निदान एकदा तो सुटल्याचा पुरावा मिळत होता.

पुढच्या भेटीत मी वडिलांना मुलीशेजारी कागद घेऊन बसायला सांगितले. त्यांनी हिशेब मांडला : ओहोटीला पाणी ६ मीटर, पाण्यापासून साखळी सुटते त्या टोकाची उंची १ मीटर, एकूण ७, आणि नांगर धरून राहावा म्हणून त्याच्या पाचपट म्हणजे ३५ मीटर साखळी. पण भरतीला पाणी आणखी ३ मीटर चढत होते, म्हणून ५० मीटर साखळी सोडायला हवी होती. पेन्सिल खाली ठेवून ते मुलीला म्हणाले, ‘मी भरती धरली नाही. चूक माझी होती. आता पन्नास मीटर सोडली आहे.’ माझ्या मते या सर्व भेटींमधले सर्वांत मोलाचे काम या तीन वाक्यांनी केले. त्यानंतर त्यांनी नौका फिरू शकेल तेवढे वर्तुळ काढले आणि त्याच्या बाहेर गेल्यास वाजणारा जीपीएसचा गजर तिला वाजवून दाखवला.

येथे एक सावधगिरी मी आग्रहाने सांगतो. मुलाची भीती जावी म्हणून त्याच्यावर रक्षणाची जबाबदारी टाकू नये. वादळी रात्रीचा पहारा आईवडिलांनी आपसांत वाटून घेतला आणि ते वेळापत्रक भिंतीवर लावले. मुलीला संध्याकाळचे एकच काम मिळाले. टकरी टाळण्यासाठीच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नांगरावरच्या नौकेने रात्री सर्व दिशांनी दिसणारा पांढरा दिवा लावायचा असतो, तो लावून पाहायचा आणि झोपायला जायचे. एवढे करूनही झोप सुधारली नसती, किंवा खाणे तुटणे, सतत उदास राहणे अशी लक्षणे दिसली असती, तर मी त्यांना बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते.

घराविषयीचा आईचा प्रश्न त्यामुळे निरर्थक ठरला नाही. पोहण्याच्या वर्गात एक मैत्रीण मिळूनही मुलगी तिच्याकडे जाणे टाळत होती, कारण ‘आपण कधी निघणार ते कोणीच सांगत नाही.’ आईवडिलांनाही ते ठाऊक नव्हते, दुरुस्ती आणि हवामान कोणाच्या हातात नसते. निघण्याची तारीख देता येत नसेल, तर ज्या तारखेच्या आधी निघणार नाही ती तारीख तरी द्यावी, असे मी सुचवले. मुलाशी संबंधित बाबींत त्याचे मत ऐकले जावे आणि वय व समज पाहून त्याला वजन दिले जावे, हे १९८९च्या बालहक्क करारातील १२वे कलम सांगते. म्हणून ही तारीख तिला विचारून ठरली. तिला पूर्ण हंगाम हवा होता, मिळाला एक महिना जास्त. ती त्यावर समाधानी नव्हती आणि तिने तसे स्पष्ट सांगितले. नौका विकण्याचा विचार आईने झोप सुधारेपर्यंत बाजूला ठेवला. जागरणाने थकलेल्या महिन्यात असा निर्णय घेऊ नये, असे मला वाटत होते.

शेवटच्या भेटीला मुलगी वही घेऊन आली. दिव्यांच्या नोंदी तीन आठवड्यांपूर्वी थांबल्या होत्या. त्यांच्याखाली वडिलांच्या अक्षरात भरतीच्या वेळा होत्या, आणि तिच्या अक्षरात पोहण्याच्या वर्गाचे वार.