जामीन झाला, गोळ्या तुरुंगातच राहिल्या

“कोर्टात आजार सांगितला तर वेडा ठरवून माझ्या पोराला परत आत टाकतील का हो?”

कैद्यांच्या आया हमखास विचारतात तो हा प्रश्न. या ताईंचा मुलगा चोवीस वर्षांचा. स्किझोफ्रेनिया (भास, संशय येणारा मानसिक आजार) जुना, मारामारीच्या केसमध्ये सात महिने कच्चा कैदी. आत औषध नियमित मिळायचं. जामिनाचा आदेश संध्याकाळी पोचला आणि तो नुसती कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आला. गोळ्या नाहीत, केसपेपर नाही. दहा-बारा दिवसांत झोप उडाली, शेजारी आपल्याविरुद्ध कुजबुजतात असं तो म्हणू लागला. त्यातच तारीख चुकली, वॉरंट निघालं.

घरच्यांनी आजार वकिलापासूनही लपवला होता. घोळ झाला तो इथे. आजार सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. घटनेच्या वेळी मनःस्थिती कशी होती (भारतीय न्याय संहिता, कलम २२) हा एक मुद्दा, आज खटला समजतो का (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३६७-३६८) हा निराळा. उपचार चालू आहेत एवढ्या सांगण्याने यातलं काहीच आपोआप ठरत नाही. उलट ‘वेडा आहे, सोडा’ असा धोशाही लावू नये. खटला समजत नाही असं ठरलं तर सुनावणी थांबते, केस संपत नाही.

आधी तुरुंगाच्या दवाखान्याकडे लेखी अर्ज करून केसपेपरची प्रत घेतली. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम २५ प्रमाणे तो रुग्णाचा हक्क आहे. औषध निघालं क्लोझापिन. ताई मेडिकलमधून आणून जुनाच डोस सुरू करणार होत्या! ४८ तासांहून जास्त खंड पडला की हे औषध १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा हळूहळू चढवतात, नाहीतर रक्तदाब कोसळू शकतो, झटके येऊ शकतात. पांढऱ्या पेशींची तपासणीही चुकवून चालत नाही.

सरकारी ओपीडीतल्या डॉक्टरांकडून निदान, डोस आणि पुढची तारीख असं स्पष्ट लिहून घेतलं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलाने (हेल्पलाइन १५१००) तो कागद जोडून वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला, मुलगा स्वतः हजर राहिला. वॉरंट रद्द झालं.

आता ओपीडी आणि कोर्टाची तारीख एकाच दिवशी आली, की ताई वकिलाला आठवडाभर आधी कळवतात, म्हणजे हजेरी माफीचा अर्ज वेळेत जातो. अर्ज नामंजूर झाला तर कोर्ट आधी, आणि गोळ्या संपण्यापूर्वीची दुसरी ओपीडी. रात्री मुलगा बिथरला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दाराच्या मागे चिकटवलेला आहे.