गाडीच्या वेळेत बसणारी प्रार्थना

प्रश्न : मी वसईहून रोज चर्चगेटला नोकरीसाठी जाते. पहाटे डबे भरून निघते आणि रात्री स्वयंपाक आवरेपर्यंत डोळे मिटू लागतात. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आठवडाभर उघडलेच जात नाही, याची मनाला टोचणी लागते. काय करावे?

उत्तर : ताई, प्रथम ती टोचणी बाजूला ठेवा, कारण प्रार्थना ही हप्त्यासारखी थकत नाही. बायबलमधील मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूम नगरातली ती संध्याकाळ आहे : सूर्य मावळल्यावर सारे नगर दाराशी लोटले, प्रभू येशूने अनेक आजाऱ्यांना बरे केले, आणि तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच उठून तो एकान्तात प्रार्थनेला गेला. म्हणजे त्याचा एकान्तही गर्दीच्या दिवसांमधूनच काढलेला होता.

आपल्याला जागा मिळो वा न मिळो, प्रवासाचा तासभर हाताशी असतोच. बायबलमधील ११९ व्या स्तोत्राच्या १७६ ओव्या आठ-आठच्या २२ भागांत विभागलेल्या आहेत; रोज एकच भाग, तोही मोबाइलवर, वाचलात तरी महिन्याच्या कामाच्या दिवसांत ते स्तोत्र जवळजवळ पुरे होते. उभे राहावे लागले, तर पर्समधल्या जपमाळेचे मणी बोटांनी चाचपत पाच रहस्ये (येशू व मरियेच्या जीवनातील प्रसंगांचे मनन) सहज म्हणता येतात. त्यासाठी डोळे उघडे असले तरी चालतात. रात्री मात्र स्वतःवर लांबलचक नेम लादू नका. ओट्यावरचा दिवा मालवताना मुलांना जवळ घेऊन ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढेच म्हणा.