कन्सेप्ट लॅटिसची आकृती हाताबाहेर गेली तर तिचे तुकडे कसे पाडायचे?

कन्सेप्ट लॅटिस म्हणजे कोणत्या वस्तूंत कोणते गुणधर्म सामाईक आहेत हे बिंदू-रेषांनी दाखवणारी आकृती; तिचा प्रत्येक बिंदू म्हणजे काही गुणधर्म आणि ते सगळे असलेल्या वस्तूंचा संच. वस्तूंना हात लावू नका, गुणधर्मांचे दोन गट करा. जर्मन गणितज्ञ रुडॉल्फ विले आणि त्यांच्या डार्मस्टाटच्या गटाने रुळवलेली 'आकृतीत आकृती' ही पद्धत मला सगळ्यात उपयोगी वाटते.

छोटा तक्ता घ्या. चिमणी: उडते, अंडी घालते. बदक: उडते, पोहते, अंडी घालते. वटवाघूळ: उडते, पिलांना दूध पाजते. देवमासा: पोहतो, दूध पाजतो. पहिला गट उडणे-पोहणे, दुसरा अंडी-दूध. प्रत्येक गटाची लॅटिस 4 बिंदूंची. आता पहिलीच्या प्रत्येक बिंदूत दुसरी आख्खी काढा, म्हणजे 16 जागा होतात. पण दोन्हीकडच्या वस्तूसंचांचे छेद (दोन्हींत असलेल्या वस्तू) घेतले की वेगळे संच 9च उरतात. तीच मूळ लॅटिस, काहीही हरवत नाही.

संच पुन्हा तोच आल्याने रिकाम्या राहिलेल्या 7 जागा मात्र नीट बघा, खरी माहिती तिथेच असते. 'अंडी' आणि 'उडणे व अंडी' यांचा संच एकच येतो: चिमणी, बदक. म्हणजे या तक्त्यात अंडी घालणारा प्रत्येक जण उडतो. पेंग्विनची एक ओळ वाढवा, हा नियम लगेच मोडतो.

गट पाडताना अर्थाने जवळचे गुणधर्म एकत्र ठेवा, नाहीतर आकृती वाचता येत नाही.