दोष कुणाचा, माहेरचा की सासरचा?

सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसं आणि पचन बिघडवणारा आनुवंशिक आजार. त्याचं निदान झालं की घरचे मला आधी विचारतात, हे कुणाच्या घराण्यातून आलं? उपचाराचं नंतर.

परभणीकडचं एक शेतकरी कुटुंब (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). दहा महिन्यांचं लेकरू खाऊनपिऊन अंग धरत नव्हतं. शी तेलकट, उग्र वासाची. छाती सारखी भरायची. पापा घेतला की ओठांना मीठ लागतं, हे आई केव्हापासून सांगत होती. शेवटी घामातल्या क्लोराइडची तपासणी झाली. लिटरमागे ६० मिलिमोलच्या पुढे गेलं की संशय पक्का होतो. इथं आकडा बराच वर होता.

नवराबायको आतेभाऊ-मामेबहीण. सासू म्हणजे सुनेची सख्खी आत्या. आत्याबाई ठाम होत्या, "आमच्यात असलं कधीच नव्हतं बघा मॅडम. हे भावजयीच्या माहेरचं." सून खाली मान घालून बसलेली.

मी कागदावर वंशवेल काढली. सातव्या गुणसूत्रावरच्या सीएफटीआर जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकात असतात, एक आईची, एक बापाची. एकच बिघडलेली असली तर माणूस ठणठणीत राहतो, नुसता वाहक. दोन्ही बिघडल्या की आजार. त्यामुळे "आमच्यात नव्हतं" हे खरंच असतं. पण बाळाच्या दोन्ही प्रतींत अगदी सारखाच बदल, म्हणजे बिघाड, निघाला होता. म्हणजे तो बहुधा आत्याबाईंच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेला. आत्याबाईंमार्फत मुलाकडे, आणि भावामार्फत सुनेकडे. आत्याबाई गप्प झाल्या. मीही तिथेच थांबले. सुनेवरचा दोष उचलून सासूवर टाकायला मी बसलेली नसते.

वडिलांचा हिशेब वेगळा. "चारातलं एक असं, मग पुढची तीन चांगली ना?" नाही. दर गरोदरपणी चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात: २५ टक्के शक्यता आजाराची, ५० टक्के वाहक असण्याची, २५ टक्के दोन्ही प्रती चांगल्या असण्याची. बदल माहीत असल्याने पुढच्या वेळी ११ ते १३ आठवड्यांत वारेची तपासणी करता येते. त्यासाठी दिवस जाण्याआधीच भेटा, हे मी दोनदा सांगते.

मग रोजचं. स्वादुपिंडाचा रस आतड्यात नीट पोचत नाही, म्हणून दूध-जेवणाआधी एन्झाइमची कॅप्सूल उघडून दाणे सफरचंदाच्या गरात द्यायचे, कुटायचे नाहीत. तूप-लोणी तोडायचं नाही, उलट वाढवायचं. छातीची फिजिओथेरपी रोज, सर्दी नसली तरी. आणि आपला उन्हाळा! पारा ४२ वर गेला की या लेकरांचं मीठ घामावाटे भराभर जातं. मलूल होऊन उलट्या सुरू झाल्या तर तडक दवाखाना. मीठ किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. "तान्ह्याला मीठ नको" म्हणणाऱ्या शेजारणींना तेवढं आवरा.

मोबाइलवर वाचलेल्या नव्या गोळ्यांचंही वडिलांनी विचारलं. त्या ठरावीक जनुकीय बदलांवरच चालतात आणि किंमत आवाक्याबाहेरची. खोटी आशा दिली नाही, पण जनुकीय रिपोर्ट जपून ठेवा म्हटलं.

उठता उठता आत्याबाई म्हणाल्या, "धाकटीची सोयरीक माझ्या दुसऱ्या भावाच्या पोराशी ठरत आलीय. मोडायची का?" मोडा म्हणणारी मी कोण? आधी दोघांचं रक्त तपासून घ्या, म्हटलं. कोणता बदल शोधायचा ते आता माहीत आहे. एकच वाहक निघाला तर या आजाराची भीती जवळपास उरत नाही. दोघंही निघाले, तर दोघांना घेऊन या.