मुलगा बधिरांध आहे, आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. मे महिन्याच्या सुट्टीत अशा मुलांसाठी कुठे शिबिर असतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, ऐकू जवळजवळ येत नाही, दिसतं ते फक्त उजेड आणि मोठे आकार. अमेरिकेत अशा मुलांच्या कुटुंबांसाठी उन्हाळी शिबिरं असतात असं तुम्ही वाचलंत आणि आपल्याकडे तसं काही आहे का, हे विचारलंत.

मी देवगड तालुक्यातली. माझी लेक १६ वर्षांची आहे, जन्मापासून बधिरांध. गरोदरपणात मला दुसऱ्या महिन्यात बारीक ताप आणि अंगावर पुरळ आलं होतं, तीन दिवसांत गेलं, कुणी मनावर घेतलं नाही. तो रुबेला होता. लेक जन्मली ती दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हृदयाला छिद्र आणि बहिरेपणा घेऊन. (गोवर-रुबेलाची लस महाराष्ट्रात मोहिमेतून दिली गेली ती २०१८ च्या नोव्हेंबरपासून. घरात लग्नाच्या वयाच्या मुली असतील तर त्यांनी ती घेतली आहे का, एवढं बघाच.)

कोकणात असं शिबिर इतक्या वर्षांत मला मिळालं नाही. तरीही सुट्टीचा उपयोग कसा करायचा याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून लांब लिहिते.

आधी अमेरिकेबद्दल. तिथे राज्याराज्यांत बधिरांध मुलांसाठी सरकारी पैशातून चालणारे प्रकल्प आहेत. त्यातले काही उन्हाळ्यात कुटुंबांना दोन-तीन दिवस एकत्र बोलावतात. न्यूयॉर्कजवळच्या हेलन केलर नॅशनल सेंटरमध्ये वयात आलेल्या मुलांसाठी उन्हाळी कार्यक्रम असतात. अशा ठिकाणी आईबाप दुसऱ्या आईबापांशी बोलतात, भावंडांचा वेगळा गट बसतो, आणि प्रत्येक मुलाबरोबर एक शिकवलेला माणूस असतो. त्याला तिथे इंटरव्हेनर म्हणतात. आजूबाजूला काय चाललंय ते मुलाच्या हातापर्यंत पोचवणं हे त्याचं काम. बाकी सगळं बाजूला ठेवलं तरी हा शेवटचा माणूस आपल्याला लागतोच, आणि गुहागरात तो तुम्ही आणि तुमची बायको असणार आहात. ते शिकायला मात्र एकदा बाहेर पडावं लागेल.

कुठे जायचं? मुंबईला. हेलन केलर इन्स्टिट्यूट फॉर डेफ अँड डेफब्लाइंड ही संस्था बेरोझ वाच्छा यांनी १९७७ साली सुरू केली. बधिरांध मुलांची ही देशातली पहिली शाळा. भायखळ्याला आहे आणि नवी मुंबईत महापेलाही आहे. चिपळूणहून गाडीने पनवेलला उतरलात तर महापे सोयीचं पडेल. पण एक लक्षात ठेवा, मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, विशेष शाळाही त्याला अपवाद नसतात. तुम्ही सुट्टी लागल्यावर निघालात आणि तिकडे फाटक बंद, असं व्हायला नको. आधी फोन करून तारीख घ्या, जमलं तर एप्रिलमध्येच जा. कानांसाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३ पासूनची. बेरा ही कानाची तपासणी मूल झोपलेलं असताना करतात, त्यासाठी तिथे ओपीडी आहे. कॉक्लियर इम्प्लांटला, म्हणजे शस्त्रक्रिया करून कानात बसवायच्या यंत्राला, सरकारी मदत मिळते, पण वयाची अट असते. साडेतीन वर्षं म्हणजे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्याचं वय नाही. तिसरं नाव सेन्स इंटरनॅशनल इंडिया. अहमदाबादेत १९९७ पासून आहे, फक्त बधिरांधांसाठी काम करते, ठिकठिकाणच्या संस्थांबरोबर. पालकांना एकमेकांशी जोडून देण्याचं कामही ते करतात. मला दुसरी आई पहिल्यांदा भेटली तेव्हा माझी लेक सात वर्षांची होती. सात वर्षं मी असं मूल असलेल्या एकाही बाईशी बोलले नव्हते. तुम्ही एवढं थांबू नका.

मुंबईला जायच्या आधी रत्नागिरीत एक काम उरका. दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्याबरोबरचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. आमच्या पहिल्या प्रमाणपत्रावर नुसतं ‘कर्णबधिर’ लिहिलं होतं. त्या एका शब्दाने दोन वर्षं घेतली. तिला एका कर्णबधिरांच्या शाळेत घातलं, बाई समोर उभ्या राहून खुणा करायच्या आणि माझ्या लेकीला त्या खुणा दिसायच्याच नाहीत. ती कोपऱ्यात बसून डोळ्यांत बोटं खुपसायची. शेऱ्यात आलं, ‘मतिमंद असावी’. ते वाचून मी शाळेच्या पायरीवरच बसले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि बहुविकलांगतेच्या प्रकारात बधिरांधत्वाचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. कान आणि डोळे दोन्ही तपासून तेच लिहून घ्या. त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय विमा योजना वर्षाला १ लाखापर्यंत खर्च देते, त्यात थेरपीही धरतात. शिक्षणासाठी पंचायत समितीत गट साधन केंद्र असतं, तिथे समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेचे विशेष शिक्षक असतात. बहुविकलांग मुलाला घरी शिकवण्याचा पर्याय मागण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने दिलेला आहे. तोंडी विचारू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता सुट्टी. माझ्या मते आपल्या मुलांना कोकणातला मे महिना हाच मोठा वर्ग आहे. एवढे वास, एवढे स्पर्श दुसऱ्या कुठल्या महिन्यात नसतात. प्रश्न असतो तो एवढाच की मुलाला यातलं काही आपलं आपण कळत नाही. आपल्याला पेट्या आणल्याचा आवाज येतो, झाडावर चढलेला माणूस दिसतो, आता आंबे उतरणार हे समजतं. त्याच्या हातात एकदम आंबा येतो. कुठून आला, का आला, काही नाही. जेवण, आंघोळ, पाहुणे, सगळं असंच अंगावर येऊन आदळतं. म्हणून ही मुलं किंचाळतात, नाहीतर आक्रसून बसतात.

यावर उपाय म्हणून आम्ही पेटी केली. नेदरलँड्समध्ये यान व्हान डाइक नावाच्या शिक्षकांनी १९६० च्या दशकात रुबेलाच्या मुलांबरोबर काम करताना जी पद्धत बसवली, तिच्यातलीच ही. मोडक्या आंब्याच्या पेटीच्या फळ्या मारून माझ्या नवऱ्याने खणांची एक लांबट पेटी बनवली. प्रत्येक खणात दिवसातल्या एका गोष्टीची वस्तू. आंघोळीला तांब्या, जेवणाला तिचा चमचा, झोपाळ्याला सुंभाचा तुकडा. गोष्ट सुरू करायच्या आधी तिला पेटीपाशी न्यायचं, वस्तू चाचपायला द्यायची, ती हातात घेऊनच तिकडे जायचं. झालं की वस्तू शेवटच्या टोपलीत टाकायची, म्हणजे संपलं. सुरुवात दोन खणांनी करा. आणि वस्तू अशी निवडा की जी मूल खरंच हाताळतं. खेळण्यातला प्लास्टिकचा झोपाळा तुम्हाला झोपाळ्यासारखा दिसेल, त्याच्या बोटांना तो नुसता प्लास्टिकचा तुकडा लागेल.

पहिले तीन-चार महिने काही झालं नाही. मी रोज करत होते आणि रोज वाटायचं, आपण खुळ्यासारखं करतोय. मग एका दुपारी, बहुतेक आमसुलं वाळत घातली होती त्या दिवशी, ती चाचपडत पेटीपाशी गेली, सुंभाचा तुकडा उचलला, ओटीवर बसलेल्या माझ्या सासूबाईंच्या हातात नेऊन खुपसला आणि हात धरून ओढायला लागली. सासूबाई ओरडल्या, “गो, मागल्यान तिना!” पाच वर्षांची होती ती. तिने कुणाकडे काही मागण्याची ती पहिलीच वेळ. आम्ही दोघी तिला संध्याकाळपर्यंत झोके देत राहिलो.

मे महिन्याची कामं मुलासमोर करू नका, त्याच्याबरोबर करा. म्हणजे तुमचा हात त्याच्या हाताखाली. वरून मनगट धरून त्याचा हात वस्तूवर दाबू नका. मूल घाबरतं आणि मग हात द्यायचंच बंद करतं, आणि हात हेच तर त्याचे डोळे. तुमचा हात आंब्यावर, त्याचा तुमच्या हातावर, त्याला वाटेल तेव्हा तो बोटं पुढे सरकवेल. थांबायला शिका. मनात दहापर्यंत मोजा, मग पुढचं. पेंढ्यातली आढी हाताने उकलणं, कच्चा आणि पिका वासाने ओळखणं, फणसाच्या आठळ्या सोलणं, कोकमाची सालं रसात बुडवणं, सगळं. आमची लेक आता आढीतले पिके आंबे आमच्या कुणाहीपेक्षा आधी काढते. ओल्या काजूपासून आणि आंब्याच्या चिकापासून मात्र लांब ठेवा. कातडी भाजते, आणि एकदा भाजली की महिनाभर ते मूल कशालाच हात लावत नाही.

समुद्रावर न्या, पण सकाळी, ओहोटी पाहून, आणि एका मोठ्या माणसाने एकाच मुलाला धरून. कानाच्या आतल्या भागावर शरीराचा तोलही अवलंबून असतो, त्यामुळे बऱ्याच बधिरांध मुलांचा तोल कच्चा असतो. पायाखालची वाळू लाटेबरोबर सरकली की ती एकदम बसतात. बसू दे. ओली वाळू, सुकी वाळू, लाटेची थरथर, तासभर पुरे.

चाकरमानी येतात तेव्हा खरी परीक्षा. पंधरा माणसं एकदम, प्रत्येकाला मायेने गालगुच्चा घ्यायचा असतो. मी आता सगळ्यांना आधीच फोनवर सांगून ठेवते: मागून उचलायचं नाही, आधी खांद्यावर हलकेच हात, मग स्वतःची ओळख पटवायची. आमच्याकडे प्रत्येकाची एक खूण ठरलेली आहे. सासूबाईंच्या काचेच्या बांगड्या, दिराचं घड्याळ, माझं मंगळसूत्र, नणंदेच्या मुलीची वेणी. ती खूण रोज अंगावर हवी. माझ्या दिरांनी एका वर्षी घड्याळ बदललं तर लेकीने त्यांना दोन दिवस जवळ येऊ दिलं नाही. मुलांना मात्र फार सांगावं लागत नाही, ती आपली आपण तिच्या हातावर काहीतरी ठेवून बघतात.

श्रवणयंत्र दिलं असेल तर आपल्याकडच्या दमट हवेचं भान ठेवा. घाम आणि दमट हवा त्याचे शत्रू आहेत. रात्री बॅटरी काढून यंत्र सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायचं, कानातल्या साच्याच्या नळीत पाण्याचा थेंब दिसला की फुंकून काढायचा. मूल वाढतं तसा साचा सैल होतो आणि यंत्र शिट्ट्या मारतं, तेव्हा साचा नवा करून घ्या. यंत्र बिघडलं म्हणून कपाटात टाकू नका. डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढं वापरायला शिकवा. उजेडाकडे पाठ करून बसू नका, कारण तुमचा चेहरा अंधारात जातो. मी घरात वर्षानुवर्षं एकरंगी गडद साडी नेसते आणि हातात पिवळ्या बांगड्या घालते, म्हणजे हात उठून दिसतात.

एप्रिलमध्ये मुंबईला निघाल तेव्हा बरोबर फाइल असेलच. त्याशिवाय मोबाइलवर त्याचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ घ्या: जेवताना, खेळताना, चिडलेला असताना, एकटा असताना. नव्या जागी तो तपासणाऱ्यांपुढे आक्रसून बसेल आणि त्यांना काहीच दिसणार नाही, तेव्हा हे व्हिडिओ उपयोगी पडतात. आणि प्रवासाची खूण आत्ताच ठरवा. आम्ही एसटीच्या सीटसारख्या रेक्झिनचा एक तुकडा वापरायचो. चिपळूणला जाताना, आजोळी जाताना, दर वेळी गाडीत बसायच्या आधी तो त्याच्या हातात द्या. मुंबईच्या दिवशी पहाटे तो झोपेत असेल, तुमची घाई असेल, तरी त्याला उचलून तडक गाडीत घालू नका. जागा करा, तुकडा हातात द्या, त्याची बोटं त्यावरून फिरेपर्यंत थांबा, आणि मग निघा.