चार रात्रींचं बेट आणि चोवीस हप्ते

प्रश्न: डिसेंबरात लग्नाला 25 वर्षं होतील. मालदीवमधल्या एका खासगी बेटावरच्या रिसॉर्टात 4 रात्री राहायचं मनात आहे. खोली रोज 500 डॉलर. बँक 4 लाखांचं पर्सनल लोन 14 टक्क्यांनी 2 वर्षांसाठी देतेय. 6 लाखांची एफडी आहे, पण ती अडीअडचणीसाठी ठेवली आहे. लोन घेऊ का?

उत्तर: आधी अभिनंदन. लोन मात्र घेऊ नका. महिना साधारण 19,200 रुपयांचा हप्ता बसेल आणि व्याजापोटीच 61 हजारांच्या आसपास जातील.

दुसरं म्हणजे, 500 डॉलर हा खरा आकडाच नाही. दरापुढे दोन अधिक चिन्हं छापली आहेत का, बघा. त्यांचा अर्थ 10 टक्के सेवा शुल्क आणि त्यावर 17 टक्के जीएसटी. शिवाय माणशी रोज 12 डॉलर हरित कर. म्हणजे दोघांचे रात्रीला सुमारे 668 डॉलर झाले, आणि अजून पाण्याचा घोटही घेतलेला नाही! एका बेटावर एकच रिसॉर्ट, त्यामुळे बाहेर जाऊन स्वस्तात खाण्याची सोय नाही. विमानतळावरून नेणारी बोटही त्यांचीच, तिचं भाडं बहुतेक ठिकाणी वेगळं. त्यात डिसेंबर हा ऐन हंगाम. 24 आणि 31 तारखेला कित्येक रिसॉर्ट खास जेवणाचे पैसे सक्तीने लावतात.

लग्नाचा वाढदिवस पुढे ढकलता येत नाही, पण सहल येते. हप्त्याचे 19,200 आजपासून आरडीत टाका. वर्षात 2 लाख 30 हजार आणि वर थोडं व्याज. मे ते ऑक्टोबर दर उतरतात. पाऊस असतो, पण कोकणातला पाऊस पाहिलेल्याला तो काय घाबरवणार.

डिसेंबरातच जायचं असेल, तर माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर गेस्ट हाऊसमध्ये राहा. छोट्या गेस्ट हाऊसला हरित कर 6 डॉलर. तिथून एक दिवसाचा पास काढून बोटीने रिसॉर्टच्या बेटावर जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मी असतो तर हेच केलं असतं. (वस्तीच्या बेटांवर दारू मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

इथल्या एजंटकडून पॅकेज घेतलंत तर तो टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीवर आगाऊ घेतला जाणारा आयकर, लावेल. विवरणपत्र भरताना तो वळता करून घ्या.

कुठेही बुकिंग करण्याआधी रिसॉर्टला एकच लेखी प्रश्न विचारा: बोट, कर आणि तिन्ही वेळचं जेवण धरून दोघांचे एकूण किती? तो आकडा आला की मला कळवा.